मध्यकर्णाच्या संसर्गावरील प्रतिजैविक उपचारांचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

सारांश

मध्यकर्णाच्या संसर्गावर प्रतिजैविके कितपत गुणकारी आहेत, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सात दशकांत अनेकदा बदलले आहे. औषध, रोगी व रोग यांच्यात झालेल्या बदलांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या बदलाला मूल्यमापनाचा बदलता निकष कारणीभूत आहे. प्रथम रुग्ण वाचला की नाही हे पाहिले गेले, नंतर कानामागील हाडात पू झाला की नाही हे, त्यानंतर वेदना किती दिवसांत थांबली हे आणि शेवटी कान कोरडा झाला की नाही हे पाहिले गेले. प्रस्तुत लेखात या चार निकषांचा इतिहास मांडून, दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड मजुरांचे स्थलांतर होणाऱ्या बीड जिल्ह्याच्या संदर्भात कोणता निकष ग्राह्य धरावा, याचा विचार करण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : मध्यकर्णाचा संसर्ग, वाहणारा कान, प्रतिजैविके, चिकित्सेचा इतिहास, ऊसतोड स्थलांतर, बीड जिल्हा.

१. प्रस्तावना

‘कान फुटला’ आणि ‘कान वाहतो’ हे दोन शब्दप्रयोग मराठवाड्याच्या ग्रामीण भागात घराघरांत ऐकू येतात. वैद्यकीय दृष्टीने ते एकाच आजाराच्या दोन वेगवेगळ्या अवस्था दर्शवितात. सर्दी-पडशानंतर लहान मुलाचा कान अचानक ठणकू लागतो, ताप येतो, पडद्याआड पू साठतो आणि कधी पडदा फाटून तो बाहेर येतो. ही मध्यकर्णाच्या संसर्गाची तीव्र अवस्था होय. पडद्याचे छिद्र भरून न येता आठवडे, महिने किंवा वर्षानुवर्षे कानातून पू येत राहतो, तेव्हा ती जीर्ण अवस्था ठरते. पहिल्या अवस्थेत मूल रडते, म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. दुसऱ्या अवस्थेत मूल रडत नाही. त्याला केवळ कमी ऐकू येते. त्यामुळे ती दुर्लक्षित राहते आणि ‘मोठे झाल्यावर आपोआप बरे होईल’ असे म्हणून सोडून दिली जाते.

या दोन्ही अवस्थांवर आज सर्रास प्रतिजैविके दिली जातात. त्यांच्या उपयुक्ततेविषयी पाश्चात्त्य देशांत विपुल संशोधन झाले असून त्याचे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतून भारतातही पोहोचले आहेत. तथापि, हे निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत व कोणत्या निकषावर काढले गेले, हे लक्षात घेतल्याशिवाय ते बीडसारख्या जिल्ह्याला जसेच्या तसे लागू करणे योग्य ठरणार नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) मध्यकर्णाच्या संसर्गावरील उपचारांच्या मूल्यमापनाचा इतिहास मांडणे.
(२) प्रत्येक कालखंडात यशाचा निकष कोणता होता, हे स्पष्ट करणे.
(३) बीड जिल्ह्याच्या सामाजिक वास्तवात त्या निकषांची उपयुक्तता तपासणे.

त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. प्रतिजैविकपूर्व काळ : जीव वाचला हेच यश

भारतीय वैद्यकात कर्णरोगांची चर्चा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोगांची गणना केलेली असून त्यांत कर्णशूल, कर्णस्राव, कर्णपाक व पूतिकर्ण यांचा समावेश आहे. वाहणाऱ्या कानासाठी प्रमार्जन म्हणजे पुसून काढणे, धावन म्हणजे धुणे, धूपन व पूरण असे उपचार तेथे सांगितले आहेत. यांतील प्रमार्जनाचे तत्त्व पुढील विवेचनात पुन्हा येणार असल्याने येथे त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कर्णरोगशास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून आकारास आले. डब्लिन येथील विल्यम वाइल्ड व लंडन येथील जोसेफ टॉयन्बी यांनी कानाच्या रोगांचे पद्धतशीर वर्णन केले. १८७३ मध्ये जर्मनीतील हर्मन श्वार्ट्झ व त्यांचे सहकारी आयझेल यांनी कानामागील मॅस्टॉइड हाड उघडून त्यातील पू काढण्याच्या शस्त्रक्रियेची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मध्यकर्णातील पू या हाडाच्या पोकळ्यांत आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. मेंदूज्वर किंवा मेंदूतील गळू झाल्यास रुग्ण दगावण्याची शक्यता फार मोठी होती. त्यामुळे त्या काळातील यशाचा निकष अत्यंत साधा होता. रुग्ण वाचला म्हणजे उपचार यशस्वी. त्याला नंतर ऐकू येते की नाही, हा प्रश्न दुय्यम मानला जाई.

बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आधुनिक शस्त्रक्रियेची मोठी केंद्रे हैदराबाद, मुंबई व पुणे येथे होती आणि बालाघाटच्या डोंगररांगांतील गावांपासून ती सर्वच दूर होती. गरम तेल, लसणाचे तेल, झाडपाल्याचा रस आणि आठवडी बाजारात कान साफ करून देणारे कारागीर हेच सामान्य माणसाचे उपाय होते. या परंपरेचे अवशेष आजही आढळतात. पडदा फाटलेल्या कानात तेल घातल्यास कान ओला राहतो व संसर्गास पोषक स्थिती निर्माण होते, हे आधुनिक वैद्यकाने नंतर दाखवून दिले.

४. पेनिसिलिन आणि दुसरा निकष

१९३५ मध्ये प्रॉन्टोसिलच्या रूपाने सल्फा औषधांचे युग सुरू झाले. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळलेल्या पेनिसिलिनचे उपयोगी औषधात रूपांतर ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास केले. या औषधांनी मध्यकर्णाच्या संसर्गाचे चित्र वेगाने बदलले. कानामागील हाडाच्या शस्त्रक्रिया, ज्या मोठ्या रुग्णालयांत नित्याच्या होत्या, त्या काही वर्षांतच विरळ झाल्या.

मात्र ‘विरळ झाल्या’ असे म्हणणे आणि औषधामुळेच त्या विरळ झाल्या हे सिद्ध करणे, या भिन्न गोष्टी आहेत. तुलनेसाठी औषध न दिलेला गट असला पाहिजे, ही शिस्त वैद्यकात याच सुमारास रुजत होती. ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची यादृच्छिक चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली, ती या पद्धतीचा आदर्श मानली जाते. मध्यकर्णाच्या तीव्र संसर्गाबाबत असा तुलनात्मक अभ्यास स्वीडनमधील रुडबर्ग यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिजैविक न दिलेल्या गटात सुमारे १७ टक्के रुग्णांना कानामागील हाडाचा संसर्ग झाला. उपचार केलेल्या गटांत तो जवळजवळ आढळला नाही. येथे निकष बदलला होता. रुग्ण वाचेल हे गृहीत धरून गुंतागुंत टळते की नाही, हे मोजले जाऊ लागले. या निकषावर प्रतिजैविके निर्विवाद यशस्वी ठरली आणि ‘कान दुखला की प्रतिजैविक’ ही प्रथा जगभर दृढ झाली.

५. पिंपरी ते अंबाजोगाई

योगायोग असा की, ज्या वर्षी स्वीडनमधील हा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परदेशातून येणारे दुर्मिळ औषध भारतात तयार होऊ लागल्याने ते जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचणे शक्य झाले.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बीड जिल्ह्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास आणखी दीड-दोन दशके लागली. १९७४ मध्ये अंबाजोगाई येथे स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईत शिक्षक म्हणून कार्य केले होते. त्यांचे नाव या संस्थेस देण्यात आले. शहरापुरते मर्यादित असलेले तज्ज्ञ उपचार ग्रामीण भागाच्या दाराशी आणणे, हा या संस्थेमागील विचार होता.

तरीही औषध आणि तज्ज्ञ यांचा प्रवास एकाच गतीने झाला नाही. औषध तालुक्याच्या व बाजाराच्या गावापर्यंत लवकर पोहोचले; कानाचा पडदा पाहून निदान करणारा डॉक्टर मात्र तितक्या लवकर पोहोचला नाही. आष्टी, पाटोदा व शिरूर कासार हे तालुके जिल्ह्याच्या पश्चिम भागात असून अंबाजोगाई पूर्वेस आहे. परिणामी कान न पाहताच औषध देण्याची व घेण्याची सवय निर्माण झाली. या सवयीची किंमत कानानेच मोजल्याची उदाहरणेही वैद्यकाच्या इतिहासात आहेत. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन व निओमायसिन या गटातील प्रतिजैविके अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशींना इजा करू शकतात. पडदा फाटलेल्या कानात या गटातील थेंब टाकताना सावधगिरी बाळगावी लागते, ती याच कारणास्तव.

६. तिसरा निकष : वेदना

१९८० च्या दशकात नेदरलँड्समधून एक अनपेक्षित प्रश्न पुढे आला. व्हान बुकेम व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यकर्णाचा तीव्र संसर्ग झालेल्या ४,८६० मुलांना सुरुवातीचे तीन-चार दिवस केवळ नाकातील थेंब व वेदनाशामक देण्यात आले. नव्वद टक्क्यांहून अधिक मुले काही दिवसांत बरी झाली. कानामागील हाडाचा संसर्ग केवळ दोन मुलांना झाला. रुडबर्ग यांच्या १७ टक्क्यांशी तुलना करता हा फरक विलक्षण होता.

आजार तोच, मग गुंतागुंतीचे प्रमाण इतके कमी कसे? रुडबर्ग यांचे रुग्ण आणि कुटुंबवैद्याकडे येणारी सर्वसाधारण मुले यांच्या आजाराची तीव्रता सारखी नव्हती, हे एक कारण संभवते. पोषण, घरे व एकूण आरोग्यमानात झालेली सुधारणा हे दुसरे. तिसरे कारण मूल्यमापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. डच मुलांवर औषध नव्हते, पण लक्ष होते. तीन-चार दिवसांत बरे न वाटणाऱ्या मुलाला पुन्हा तपासले जात होते व गरजेनुसार प्रतिजैविक दिले जात होते. ‘औषध न देणे’ आणि ‘काहीच न करणे’ यांत मोठे अंतर आहे.

गुंतागुंत इतकी दुर्मिळ झाल्यावर ती निकष म्हणून निरुपयोगी ठरू लागली. ब्रिटनमधील सुमारे २६ लाख मुलांच्या नोंदींवर आधारित २००९ मधील अभ्यासात असे आढळले की, प्रतिजैविकांमुळे कानामागील हाडाच्या संसर्गाचा धोका निम्म्यावर येतो. परंतु मूळ धोकाच इतका अल्प आहे की, अशी एक घटना टाळण्यासाठी ४,८३१ संसर्गांवर औषध द्यावे लागेल. त्यामुळे संशोधकांनी वेदना व ताप यांकडे मोर्चा वळविला. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात १३ चाचण्यांतील ३,४०१ मुलांचा समावेश होता. पहिल्या चोवीस तासांत औषध घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांच्या वेदनेत फरक दिसला नाही. दोन्ही गटांतील सुमारे ६० टक्के मुले तोवर बरी झाली होती. दोन-तीन दिवसांनंतर एका मुलाची वेदना टळावी यासाठी २० मुलांना औषध द्यावे लागले. उलट दर १४ मुलांमागे एकाला औषधामुळे उलटी, जुलाब किंवा पुरळ असा त्रास झाला.

सरासरीमागे दडलेले भेद रोव्हर्स व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उघड केले होते. सहा चाचण्यांतील १,६४३ मुलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण करून त्यांनी दाखविले की, दोन वर्षांखालील व दोन्ही कानांना संसर्ग झालेल्या मुलांना, तसेच कान वाहू लागलेल्या मुलांना प्रतिजैविकांचा लाभ स्पष्टपणे होतो. कान वाहणाऱ्या मुलांपैकी औषध न घेतलेल्या ६० टक्के मुलांना तीन ते सात दिवसांनंतरही वेदना किंवा ताप होता. औषध घेतलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. फिनलंडमधील २०११ च्या चाचणीत निदान काटेकोर केल्यावर उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण औषध घेतलेल्या मुलांत १८.६ टक्के, तर न घेतलेल्यांत ४४.९ टक्के आढळले. याचा अर्थ असा की, निदान जितके अचूक, तितका औषधाचा गुण ठळकपणे दिसतो; कान न पाहता दिलेल्या औषधाचा गुण मात्र सरासरीत विरून जातो.

७. चौथा निकष : कोरडा कान

वरील बहुतेक चर्चा तीव्र अवस्थेपुरती मर्यादित आहे. कॉक्रेन आढाव्यातील सर्व चाचण्या उच्च उत्पन्न गटातील देशांतील होत्या, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्या देशांत जीर्ण, वाहणारा कान ही तुलनेने विरळ गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ मधील अहवालाने वाहणाऱ्या कानाच्या जगातील रुग्णांची संख्या साडेसहा कोटी ते ३३ कोटी यांच्या दरम्यान अंदाजिली आणि भारताचा समावेश सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांच्या गटात केला. चार टक्क्यांहून अधिक प्रमाण म्हणजे तातडीने लक्ष देण्याजोगी सार्वजनिक आरोग्याची समस्या, असे त्या वर्गीकरणाचे सूत्र होते.

जीर्ण अवस्थेत जंतू बदलतात. तीव्र संसर्गात न्यूमोकॉकस व हिमोफिलस हे प्रमुख जंतू असतात आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे तोंडावाटे घेण्याचे औषध त्यांवर सामान्यतः चालते. जीर्ण वाहणाऱ्या कानात स्यूडोमोनास व स्टॅफिलोकॉकस यांचे प्राबल्य असते. स्यूडोमोनासवर अ‍ॅमॉक्सिसिलिनचा परिणाम होत नाही. शिवाय कान पुवाने भरलेला असेल, तर थेंबही आतपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून वाहणाऱ्या कानासाठी वारंवार गोळ्या व सिरप देणे हे चिकित्सेच्या दृष्टीने अनाठायी व आर्थिक दृष्टीने नुकसानकारक ठरते. पडद्याच्या वरच्या भागातून हाड कुरतडणारा, असुरक्षित प्रकारचा रोग असल्यास शस्त्रक्रियेस पर्याय नसतो.

या अवस्थेवरील उल्लेखनीय चाचण्या केनियातील शाळकरी मुलांवर झाल्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२४ मुलांच्या अभ्यासात केवळ कान कोरडा पुसण्याने सोळा आठवड्यांनंतर २२ टक्के मुलांचा कान वाहणे थांबले. काहीही न केलेल्या मुलांतही हे प्रमाण तेवढेच होते. पुसण्यास प्रतिजैविक थेंब व तोंडावाटे घेण्याच्या औषधाची जोड दिल्यावर ते ५१ टक्क्यांवर गेले. २००५ मधील दुसऱ्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या थेंबांनी दोन आठवड्यांत ५९ टक्के, तर बोरिक अ‍ॅसिडच्या थेंबांनी ३२ टक्के मुलांचा कान कोरडा झाला. प्रमार्जन आवश्यक, पण पुरेसे नाही. प्रतिजैविक उपयुक्त, पण ते योग्य ठिकाणी पोहोचले तरच, असा या संशोधनाचा आशय होय. लहान मुलांच्या आजारांच्या एकात्मिक उपचारपद्धतीत स्वच्छ कापडाच्या वातीने दिवसातून तीन-चार वेळा कान कोरडा करणे आणि त्यानंतर दोन आठवडे थेंब घालणे हा उपाय समाविष्ट आहे, तो याच विचाराने.

८. बीड जिल्ह्याचे वास्तव : हंगाम, खाडा आणि कानाची वात

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ असून सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अवर्षणप्रवण जमीन व मर्यादित सिंचन यांमुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील मजूर मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ घेतलेली असते आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ धरला जातो. सोबत आलेली लहान मुले फडाच्या कडेला किंवा पालाच्या कोप्यांत मोठ्या भावंडांच्या स्वाधीन असतात. थंडी, चुलीचा धूर, दाटीवाटी व कुपोषण या घटकांचा मध्यकर्णाच्या संसर्गाशी असलेला संबंध वैद्यकात सर्वज्ञात आहे.

या पार्श्वभूमीवर वर वर्णन केलेले निकष एकेक करून तपासता येतात. तीव्र संसर्गात ‘दोन-तीन दिवस वाट पाहून मग प्रतिजैविक द्यावे’ हे धोरण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांत स्वीकारले. शास्त्रीय दृष्ट्या ते योग्यच आहे. परंतु ते एका अटीवर उभे आहे. तिसऱ्या दिवशी मूल पुन्हा डॉक्टरकडे आले पाहिजे. ज्या आईला पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाण्यासाठी एक खाडा सोसावा लागला, तिच्याकडून दुसऱ्या खाड्याची अपेक्षा करणे हे वास्तवाशी विसंगत होय. अशा परिस्थितीत वाट पाहण्याचे धोरण व्यवहारात उपचार नाकारण्याचे धोरण ठरू शकते. याचा अर्थ प्रत्येक दुखऱ्या कानाला प्रतिजैविक द्यावे, असा नाही. रोव्हर्स यांच्या निष्कर्षानुसार दोन वर्षांखालील दोन्ही कानांचा संसर्ग व वाहणारा कान या गटांना तत्काळ औषध देण्यास शास्त्राचा आधार आहे. मात्र हा विवेक करण्यासाठी कान पाहणारा कोणीतरी तळावर पोहोचला पाहिजे.

जीर्ण अवस्थेत अडचण आणखी वेगळी आहे. दिवसातून तीन-चार वेळा वात करणे आणि दोन आठवडे न चुकता थेंब घालणे हे काम कोणी करावयाचे? आई पहाटेपासून फडात असते. मुलाजवळ असलेले मोठे भावंड स्वतःच आठ-दहा वर्षांचे असते. औषधाची बाटली कमी किमतीची असली, तरी उपचाराचा खरा खर्च वेळेचा असतो आणि तोच या कुटुंबाकडे नसतो. अर्धवट राहिलेला उपचार औषधाचे अपयश म्हणून नोंदला जातो व पुढील डॉक्टर अधिक तीव्र औषध लिहितो. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्याचा हा एक मार्ग होय. अनेक उच्च श्रेणीच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जतन करण्याचा एच-१ परिशिष्टाचा नियम २०१४ पासून लागू झाला. त्याचा हेतू स्तुत्य असला, तरी तो औषधाच्या विक्रीवर लक्ष ठेवतो; कान कोरडा झाला की नाही यावर नाही.

शासकीय पातळीवर अनुकूल चौकट मात्र उपलब्ध आहे. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीच्या आजारांत मध्यकर्णाच्या संसर्गाचा समावेश आहे. न्यूमोकॉकसविरोधी लस २०१७ मध्ये काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर नियमित लसीकरणात आली. परंतु शाळा व अंगणवाडी यांच्या आधारे चालणारी तपासणी आणि मुलांचा हंगाम यांचा मेळ न बसल्यास, तपासणीच्या दिवशी मूल गावात नसते आणि मूल गावात असते तेव्हा तपासणी होऊन गेलेली असते.

९. निष्कर्ष

(१) मध्यकर्णाच्या संसर्गावर प्रतिजैविके किती गुणकारी आहेत, याचे एकच कालातीत उत्तर नाही. १९५४ मधील १७ टक्के आणि २००९ मधील ४,८३१ मागे एक, हे दोन्ही आकडे आपापल्या समाजाचे चित्र दर्शवितात.

(२) तीव्र संसर्गात सरसकट प्रतिजैविकांचा लाभ मर्यादित आहे. निवडक मुलांत तो लक्षणीय आहे. ही निवड कानाची प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय होऊ शकत नाही.

(३) जीर्ण वाहणाऱ्या कानात तोंडावाटे घेण्याच्या औषधांपेक्षा कान कोरडा करून घातलेले थेंब अधिक उपयुक्त आहेत. पडद्याच्या वरच्या भागाचा रोग असल्यास रुग्णास विलंब न लावता शस्त्रक्रियेसाठी पाठविणे आवश्यक ठरते.

(४) बीड जिल्ह्यासाठी मूल्यमापनाचा कालावधी तीन दिवस किंवा दोन आठवडे एवढाच न ठेवता एक ऊसतोड हंगाम हा धरला पाहिजे. मूल गावाबाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कानाची तपासणी व श्रवणाची नोंद करावी आणि ते परतल्यावर एप्रिल-मेमध्ये ती पुन्हा करावी. या दोन नोंदींमधील फरक हाच उपचाराच्या यशापयशाचा खरा पुरावा ठरेल.

(५) हंगामी वसतिगृहे, साखर कारखान्यांच्या तळांवरील आरोग्यसेवक व अंगणवाडी सेविका यांना वात करण्याचे व थेंब घालण्याचे प्रशिक्षण दिल्यास उपचारातील सर्वांत कमकुवत दुवा बळकट होऊ शकेल. तपासणीसाठी घेतलेल्या अर्ध्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये, ही बाबही या दृष्टीने वैद्यकीय उपचाराचाच भाग मानली पाहिजे.

१०. समारोप

चिकित्सेचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मध्यकर्णाच्या संसर्गाचा इतिहास पाहता, औषधाइतकेच महत्त्व ते कोणत्या मापाने मोजले गेले यास आहे, असे दिसून येते. जीव, गुंतागुंत, वेदना व कोरडा कान असा प्रवास केलेल्या या मापाला अद्याप एक टप्पा गाठावयाचा आहे. तो म्हणजे श्रवण. वर्गात शेवटच्या बाकावर बसून शिक्षकांचे शब्द अर्धवट ऐकणारा विद्यार्थी अनेकदा मंद म्हणून गणला जातो आणि कालांतराने शाळेतून गळतो. त्याच्या कानाची एका हंगामापूर्वी व एका हंगामानंतर नोंद झाली असती, तर त्याच्याविषयीचा निर्णय कदाचित निराळा झाला असता. प्रतिजैविकांचे मूल्यमापन अखेरीस या विद्यार्थ्यास ऐकू येते की नाही, याच कसोटीवर व्हावयास हवे.